कवचातला नंबर

बोराटीच्या झुडपाखाली ते कासव नेहमीसारखं अंग आत ओढून बसलेलं दिसलं. पाठीवर चांदण्या असलेली ही कासवं चोरट्या विक्रीतून सोडवून आमच्याकडच्या जंगलात आणली होती. सोडताना प्रत्येकाच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप घातलेली. वनरक्षक सुनंदाताई चिप वाचायचं यंत्र घेऊन त्यांना शोधत फिरतात. त्या दिवशी मीही सोबत होतो.

ताईंनी यंत्र टेकवलं. टीप असा आवाज झाला, पडद्यावर नंबर उमटला. "आहे, आहे! महिन्याभराने सापडली बाई," म्हणत त्यांनी वहीत त्या नंबरासमोर खूण केली. मग वजन करायला तिला उचललं. कवच भलतंच हलकं होतं. आत काहीतरी बारीकसं खडखडलं.

शाळेत एखादा गैरहजर असला की त्याच्या नंबराला आमच्यातलाच कोणी मागून "हजर" म्हणायचा. त्यात मास्तरांना फसवायची मजा होती. इथे फसवणारं कोणीच नव्हतं. जिवाची खबर राहावी म्हणून आपण त्याला नंबर देतो. जीव कधीतरी निघून जातो, आणि नंबर मागे राहून इमानाने उत्तर देत बसतो.

ताईंनी वही पुन्हा उघडली. मग त्यांनी खूण खोडली, यंत्र बंद केलं, कवच होतं तिथेच ठेवलं. आम्ही निघालो. चार पावलांवर त्या थांबल्या.

"हिचं तोंड उन्हाकडे झालं," म्हणाल्या, आणि परत जाऊन कवच सावलीकडे फिरवून आल्या.