काळा मार्कर आणि समुद्रासमोरची खोली

आमच्या घराच्या खासगी माहितीला आजवर सर्वांत मोठा धोका माझ्यामुळेच निर्माण झाला आहे.

घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. त्यामुळे तिथं जे ऐकेन ते घरी येऊन सांगणं मला कर्तव्यच वाटतं. (घरच्यांना काय वाटतं, ते मी अजून विचारलेलं नाही.) मागच्या वर्षी कॉलेजात ‘प्रवासात आपली माहिती कशी जपावी’ अशी दिवसभराची कार्यशाळा झाली. मेलवर प्रमाणपत्रही आलं! ते मी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्या काकांकडून रंगीत छापून आणलं आणि बाबांनी ते देवाच्या फोटोशेजारी लावलं.

त्याच आठवड्यात आम्ही कोकणात निघालो होतो. आईनं समुद्र कधी पाहिला नव्हता. बाबा टेम्पो चालवतात, कात्रज ते हिंजवडी. सलग दोन दिवस सुट्टी त्यांना पहिल्यांदाच मिळाली होती. त्यांनी फोनवरून समुद्रासमोरची खोली ठरवली होती आणि आई महिनाभर सगळ्यांना त्या खोलीची खिडकीच सांगत होती.

मी नियम घातले. स्टँडवरचं फुकट वायफाय वापरायचं नाही. घराला कुलूप आहे हे स्टेटसला टाकायचं नाही. बाबांच्या फोनमधले आधार कार्डांचे फोटो मी पुसून टाकले. मूळ कार्डं कपाटात ठेवली. राहिल्या बाबांच्या पिशवीतल्या झेरॉक्स. आधारचे पहिले आठ आकडे झाकावेत, असं कार्यशाळेत सांगितलं होतं. मी काळा मार्कर घेतला. आकडे झाकले. मग जन्मतारीख उघडी राहिलेली बरी दिसेना. मग पत्ता. मार्कर नवा होता, तो फोटोतल्या आईच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत पसरला.

“अगं, आधार दाखवायला असतंय का लपवायला?” बाबांनी विचारलं. मी प्रमाणपत्राकडे बोट दाखवलं. त्यांनी कागद घडी करून पिशवीत ठेवले.

लॉजच्या मॅनेजरांनी तिन्ही कागद शांतपणे उजेडात धरले.

“नाव दिसतंय,” ते म्हणाले. “बाकीचा माणूस कुठं आहे?”

मी त्यांना माहितीच्या सुरक्षेविषयी थोडं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “ताई, आकडे झाकलेलं आधार साइटवरून आयतं मिळतं. त्याला मार्कर लागत नाही.”

हे कार्यशाळेत जेवणानंतर सांगितलं असावं. मी लगेच ते काढायला बसले. पण ओटीपी जाणार होता बाबांच्या बंद पडलेल्या जुन्या नंबरवर. तिघांचाही! मॅनेजर म्हणाले, ओळखपत्राशिवाय खोली देता येत नाही, आणि बाहेर दुसरं कुटुंब थांबलंय. आई बॅगेवर बसून दारातून दिसणारा बोटभर समुद्र बघत राहिली. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

बाबांनी माझ्याकडे न बघता झेरॉक्सवाल्या काकांना फोन लावला.

दोन मिनिटांत तिघांची आधार कार्डं हजर. स्वच्छ, रंगीत, दोन्ही बाजूंनी! सोबत निरोप: “तुमच्या फोल्डरमध्ये रेशनकार्ड, लाइटबिल आणि पोरीची मार्कशीटपण आहे. पाठवू? शेजारच्या मोऱ्यांचं लागत असेल तर तेही आहे.”

मी तो निरोप दोनदा वाचला. बाबांच्या चेहऱ्यावर मात्र असं समाधान होतं, जणू सगळं बँकेच्या लॉकरमधून आलंय. मॅनेजरांनी चावी दिली. आई खोलीत गेली ती थेट खिडकीशी.

मी बाहेर येऊन काकांना फोन केला आणि कार्यशाळेतल्या भाषेत बजावलं, की लोकांची माहिती अशी दुकानाच्या कॉम्प्युटरवर ठेवणं धोक्याचं आहे. आमचं फोल्डर आत्ताच्या आत्ता पुसा.

“पुसतो की,” काका म्हणाले. “पण ताई, तू ते सर्टिफिकेट छापून नेलंस ना, तेव्हापासून तुझा मेल इथं उघडाच आहे. तो बंद करू, का तू येतीस?”

“काय म्हणतायत काका?” आईनं खिडकीतून विचारलं.

“काही नाही,” मी म्हणाले. “सर्टिफिकेट चांगलं छापलं गेलंय म्हणतायत.”