भर दुपारच्या रात्रीची तारीख

अमीरुन्निसा सोलकर यांच्या दादीला गावात थापाडी खुदेजा म्हणत. कारण ती सांगायची, "तेराशे पंधराचा शाबान महिना संपत आला होता. भर दुपारी रात्र झाली, तेव्हा मी जन्मले. दोन दिवसांनी रोजे लागले."

विजयदुर्गच्या खाडीकाठच्या त्या गावात हे कोणाला पटायचं नाही. त्यात सालाचाही घोळ. एका शिकलेल्या चाचांनी हिजरी तेराशे पंधरामध्ये सरळ सहाशे बावीस मिळवले आणि जाहीर केलं, "म्हणजे एकोणीसशे सदतीस! तेव्हा तर हिच्या पोराचं लग्न झालं होतं." सगळे पोट धरून हसले. दादी उठून आत गेली. छोटी अमीरुन्निसा तिच्यामागे गेली आणि तिच्या कुशीत शिरून बसली.

त्याला सत्तर वर्षं होत आली. नवरा गेल्यावर मुलगा सिराज आईला मस्कतला घेऊन आला. तिथल्या गाला नावाच्या कारखान्यांच्या भागात त्याचं गॅरेज. गॅरेजमधला इलेक्ट्रिशियन उत्तम हा खाडीपलीकडच्या गावचा, त्यामुळे घरी येणंजाणं. २०१९च्या डिसेंबरात तो सांगत आला, "चाची, गुरुवारी सकाळी सिनावला सूर्याची बांगडी दिसणार. कंकणाकृती ग्रहण. येताय ना?"

"मी? या गुडघ्यांनी?"

"गाडीने जायचंय, चाची!"

सिनावच्या बाहेर उघड्या माळावर ते उभे राहिले. काळे चष्मे लावलेले ओमानी बापलेक, बायका, शेजारी उंटांचा कळप. ऊन हळूहळू पातळ झालं, वाळूला राखेचा रंग आला आणि अंगावर गारवा उतरला. मग चंद्र नेमका सूर्याच्या मधोमध बसला. भोवती नुसतं झळाळतं कडं. कोणीतरी मोठ्याने "अल्लाहु अकबर" म्हणालं. अमीरुन्निसांनी सिराजचा दंड घट्ट धरला होता.

कडं तुटल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "उत्तम, पूर्ण झाकला असता तर?"

"मग रात्रच, चाची. आमच्या पणजोबांनी बघितली होती. कोंबड्या खुराड्यात गेल्या म्हणे. ग्रहण सुटल्यावर नव्या विहिरीचं पहिलं पाणी काढलं. दगडावर कोरलंय अजून, शके अठराशे एकोणीस, पौष अमावास्या."

"इंग्रजी साल कुठलं?"

"शकात अठ्ठ्याहत्तर मिळवायचे. पण पौषातली अमावास्या जानेवारीत येते, तोवर इंग्रजी साल बदललेलं असतं. म्हणून एकोणऐंशी. अठराशे अठ्ठ्याण्णव."

अमीरुन्निसा झटकन मुलाकडे वळल्या. "सिराज, तेराशे पंधराचा शाबान कधी संपला, बघ."

सिराजने मोबाईलवर शोधलं आणि बघतच राहिला. "मा, जानेवारी अठराशे अठ्ठ्याण्णव. बावीस तारखेला शनिवारी कोकणात खग्रास ग्रहण होतं. दुपारी."

"आणि चाचा सदतीस म्हणायचे ते?"

"हिजरी वर्ष चंद्राचं, मा. दरसाल दहा-अकरा दिवसांनी लहान. तेराशे वर्षांत चाळीसएक वर्षांचा फरक पडतो. नुसती बेरीज करून कसं चालेल?"

"आणि ग्रहण अमावास्येलाच लागतं," उत्तम म्हणाला. "तुमचा शाबान संपत आला, आमचा पौष संपला. चंद्र एकच ना!"

अमीरुन्निसा वाळूतच बसल्या. मान वर करून बराच वेळ आभाळाकडे बघत राहिल्या. ज्या सावलीने उत्तमच्या पणजोबांचं अंगण काळं केलं, तीच खाडी ओलांडून त्यांच्या पणजीच्या बाळंतखोलीवरून गेली होती. त्या दोन मिनिटांच्या अंधारात सुइणीने मूल हातावर घेतलं असेल, आणि त्याचं तोंड दिसावं म्हणून सूर्य परत आला असेल.

"या अल्लाह," त्या पुटपुटल्या, "केवढ्या थाटात आली होती दादी!"

मग त्यांनी सिराजकडून फोन घेतला आणि गावाकडे चुलतबहिणीला लावला. "वजीरा, बस आधी. आपल्या दादीच्या जन्माची तारीख सांगते. लिहून घे, आणि जे जे हसले होते त्यांच्या घरी जाऊन वाचून दाखव."