डावीकडची गाठ

माझी आई नेसवणारी होती. आमच्या दापोड्याच्या बाजूला हळदीच्या दिवशी नवरीला आडवं लुगडं नेसवतात. गुडघ्यापर्यंत, कासोटा घट्ट, कमरेला एकच गाठ आणि ती पदराखाली झाकलेली. ते जाणत्या बाईच्या हातूनच नेसायचं असतं. गावात बाई वारली की तिलाही आईच नेसवायची. लुगडं तसंच, घड्या तशाच, फरक फक्त गाठीचा. जिवंत बाईची उजवीकडे, मेलेलीची डावीकडे. नवरीच्या गाठीवर तळवा दाबून आई पुटपुटायची, "घर धरून ऱ्हा." मेलेल्या बाईला म्हणायची, "सुटलीस, आता जा." एक गाठ बाईला घराला बांधते आणि दुसरी तिला सोडवते, असं ती मानायची.

मी लहानपणापासून तिच्या हाताखाली होते. नवरीच्या मागे उभं राहून कासोटा ओढून धरायचा, एवढंच माझं काम. शिकायची हौस मला कधीच नव्हती. नारळ आणि खणाची ओटी मिळते, त्यावर घर चालत नाही, असं मी आईला तोंडावर सांगायचे आणि गोडाऊनला पॅकिंगच्या ड्युटीवर निघून जायचे. माझ्या फटकळपणाची तिला सवय झाली होती.

मग तिला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. वर्षभरात माझ्या भावाच्या मुलीचं लग्न ठरलं, अकलोलीच्या बाजूला. सासरची माणसं जुन्या वळणाची. हळदीला बाजारातली शिवलेली नऊवारी चालणार नाही, आडवं लुगडंच पाहिजे, असा त्यांचा निरोप आला. भाऊ माझ्याकडे आला. "तूच नेसव. आयेच्या हाताखाली तूच ऱ्हायलीस ना." खरं सांगते, मला बरं वाटलं. घरात पहिल्यांदाच कोणाला माझी गरज पडली होती.

हळदीला अंगणात डीजे लावलेला. आतल्या बायकांना एकमेकींचं बोलणं ऐकू येत नव्हतं. आईला भिंतीकडेला खुर्चीवर बसवलं होतं. मी पोरीसमोर उभी राहिले, घड्या घातल्या, कासोटा खोचला आणि गाठ मारली. इतकी वर्षं मागून बघताना गाठ नेहमी माझ्या उजव्या हाताला दिसायची, म्हणून त्या दिवशीही ती माझ्या उजव्या हाताला बांधली. समोर उभं राहिलं की बाजू बदलतात हे शाळेतल्या पोरालाही कळतं. मला कळलं नाही. मी गाठीवर तळवा दाबला आणि आईसारखंच म्हणाले, "घर धरून ऱ्हा."

आईनं तेवढ्यात ओरडायला सुरुवात केली. शब्द नव्हते, नुसताच आवाज. डाव्या हातानं मांडी बडवत ती खुर्चीतून उठायला बघत होती. पोरगी जवळ गेली तशी तिनं तिच्या लुगड्याला हात घातला आणि सोडेना. बायका म्हणाल्या, नातीसाठी जीव तुटतोय म्हातारीचा. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो. "आये, आज तरी गप बस," म्हणत मी तिची बोटं सोडवली, तिला आतल्या खोलीत नेलं आणि बाहेरून कडी लावली. ती दार बडवत राहिली. डीजेच्या आवाजात ते कोणाला ऐकू गेलं नाही.

महिन्याभरानं शेजारची म्हातारी वारली. तिला नेसवायलाही मलाच बोलावलं. मी मुद्दाम विचार करून तिच्या डाव्या अंगाला गाठ मारली. हात ओळखीच्या जागी गेला. हीच गाठ मी पोरीला मारली होती.

घरी येऊन आईच्या पायाशी बसले आणि म्हणाले, "चुकलं माजं." तिनं भिंतीकडे तोंड केलं. कोणाला सांगायची सोय नव्हती. अकलोलीला कळलं असतं तर त्या घरात दूध नासलं तरी पोरीच्या माथी मारलं असतं. गाठीनं काही होत नाही, असं मी स्वतःला सांगत राहिले. पोरीला दोनदा दिवस गेले आणि दोनदा पोट रिकामं झालं. डॉक्टरांनी अंगात रक्त कमी असल्याचं सांगितलं. सासू मात्र विचारू लागली, हळदीला हिला हात कोणाचा लागला होता. मी त्या घरी जाणं बंद केलं. चोराच्या मनात चांदणं.

मागच्या वर्षी आई गेली. नेसवायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं. पोरगी सासूला घेऊन आली आणि आपणहून माझ्यासमोर बसून आजीला धरू लागली. मी गाठ डावीकडे मारली. पोरगी त्या गाठीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आत्या, माजी पन हिकडंच होती."

तिची सासू फुलांचं ताट घेऊन आईच्या पायाशी उभी होती.

"न्हाय," मी म्हणाले. "तुजी उजवीकडं होती." पण मी फार घाईनं बोलले. सासूनं ताट खाली ठेवलं आणि ती बाहेर जाऊन बसली.

तेराव्यानंतर भाऊ पोरीला पोचवायला गेला. संध्याकाळी गाडी परत आली तेव्हा पोरगी मागच्या सीटवर होती, तिच्या कपड्यांची पेटीही. भाऊ माझ्याशी अजून बोलत नाही.

परवा मी आणि पोरगी दोघीच तांदूळ निवडत बसलो होतो. वर न बघता तिनं विचारलं, "आजीला सगलं कळायचं ना? मग तिनं तवा खुनेनं तरी कुनाला सांगितलं कसं न्हाय?"

"सांगत होती," मी म्हणाले. "मीच तिला खोलीत कोंडलं."