आबासाहेबांच्या डिकीतलं मशीन

"दाब," मी म्हणालो.

बाळूने ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन गुरगुरलं आणि चारी दारांतल्या स्पीकरमधून आवाज निघाला, कुईंईंईं! बाळूने पाय उचलला, आवाज खाली उतरला. पुन्हा दाबला, पुन्हा वर चढला. रियाजाला बसलेल्या गवयासारखा अगदी सुरात. मला तर दाद द्यावीशी वाटत होती. पण समोर आबासाहेब कमरेवर हात ठेवून उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर दाद देण्यासारखं काही नव्हतं.

"ऐकलं का मिस्त्री?" ते म्हणाले. "आता सांगा, गाडीत मशीन हाय का न्हाई?"

"कसलं मशीन, आबा?"

उत्तर त्यांचे मेहुणे सर्जेराव यांनी दिलं. आधी रस्त्याकडे पाहिलं, मग माझ्या कानाजवळ आले. "रेकॉर्डिंगचं. दाजी गाडीत काय बोलतेत, कोणाला फोन लावतेत, समदं विरोधकांना कळायलंय. आन् गाडी रातंदिस कोणाच्या ताब्यात असती?"

सगळ्यांनी बाळूकडे पाहिलं. बाळू स्टेअरिंग धरून बसला होता. काचेतून तो माझ्याकडे बघत नाही-नाही अशी मान हलवत होता.

माझं माजलगावात परळी रस्त्याला गाड्यांच्या साउंडचं दुकान आहे. निम्मं दुकान उसाच्या ट्रॅक्टरवर चालतं. हंगामात ट्रॅक्टरवाल्याला एक वेळ ब्रेक नसला तरी चालतो, पण बेस पाहिजे. बाकीचं निम्मं दुकान पुढाऱ्यांच्या गाड्यांवर चालतं. त्यांना बेसही पाहिजे आणि ब्रेक तर कधीच नको असतो. इतक्या वर्षांत मी स्पीकरमधून उंदीर काढला, लग्नातल्या अक्षता काढल्या, एकदा तर नवरदेवाची अंगठी काढली. पण विरोधी पक्ष काढायला माझ्या दारात गाडी पहिल्यांदाच आली होती.

प्रसंग नाजूक होता. परवा आबासाहेबांचा वाढदिवस. माजलगावातून परळीपर्यंत गाड्यांची मिरवणूक निघणार, पुढे आबासाहेबांची पांढरी गाडी, आणि तिच्यातून वाढदिवसाचं खास गाणं वाजणार. गाणं सर्जेरावांनी स्वतः लिहिलेलं, स्वतः चाल लावलेलं आणि कोणी अडवायच्या आत स्वतःच गायलेलं. ते लावलं की मागून ही कुईं सुरू व्हायची आणि आबासाहेब वैतागून ते बंद करायचे. सर्जेरावांच्या मते हा सरळसरळ घातपात होता.

"मशीन सापडलं की बाळूनं चावी माज्या हातात द्यायची," आबासाहेबांनी निकाल देऊन टाकला.

"दाजी, माजा पुतन्या मोकळाच हाय," सर्जेराव म्हणाले. "लायसन काढून ठिवलंय पोरानं."

तेव्हा कुठे मला हे मशीन कुठे तयार झालं असावं याचा अंदाज आला.

बाळू बारा गावचं पाणी प्यालेला, चाळिशीचा माणूस. आबासाहेब साधे ग्रामपंचायत सदस्य होते तेव्हापासून त्यांची गाडी हाकत होता. त्याचं घरदार त्या एका चावीवर चाललेलं. नुसती नोकरी गेली असती तर त्याने दुसरी पाहिली असती. पण फितूर म्हणून हाकललेल्या ड्रायव्हरला आमच्या तालुक्यात कोण गाडी देणार? खालच्या आवाजात तो मला म्हणाला, "मामा, लेकराची आन घेऊन सांगतो, मी काय बी न्हाई केलं. मला तर मोबाइलमधी गाणं बी भरता येत न्हाई."

"गप बस बे," मी म्हणालो. "आधी गाडीला बोलू दे."

आता थोडं माझ्या धंद्याचं सांगतो. सोपं आहे. इंजिन बंद करून गाणं लावलं. स्वच्छ. इंजिन सुरू केलं. कुईं. इंजिनबरोबर चढते, इंजिनबरोबर उतरते. मग ती येते आल्टरनेटरकडून. आल्टरनेटर म्हणजे इंजिनला जोडलेला छोटा जनरेटर, जो चालत्या गाडीत बॅटरी चार्ज करतो. त्याची भुणभुण प्रत्येक गाडीच्या वायरिंगमध्ये असतेच. वायरिंग नीट असेल तर ती स्पीकरपर्यंत पोचत नाही.

"म्हंजे मशीन न्हाई?" आबासाहेबांनी विचारलं.

"अजून माहीत नाही," मी म्हणालो. खरं तर माहीत होतं. पण एवढा मोठा जमाव जमला असताना लगेच उलगडा करणं माझ्या स्वभावात नाही. शेजारचा पंक्चरवाला काम सोडून आला होता. रसवंतीवाल्याने तर खुर्च्याही आणून टाकल्या.

मी डिकी उघडली. डिकीत ॲम्प होता. ॲम्प म्हणजे आवाज मोठा करणारी पेटी. पुढच्या डेकवरून, म्हणजे गाणं लावायच्या टेपवरून, त्याला लाल-पांढऱ्या पिनांची केबल येते, तिच्यातून गाणं येतं. मी त्या पिना उपसल्या. कुईं बंद. परत लावल्या, परत सुरू. म्हणजे ॲम्प चांगला होता. गाण्याच्या केबलमधून नको ती वीज वाहत होती.

ती तिथे का शिरते? गाडीत बॅटरीतून वीज वायरने जाते, पण परत येते ती गाडीच्या पत्र्यातून. म्हणून प्रत्येक वस्तूची एक वायर बोल्टने पत्र्याला आवळतात. तिला अर्थ म्हणतात. हा अर्थ कच्चा असला की परतीची वीज दुसरी वाट शोधते, आणि गाण्याच्या केबलमधून घुसते. तिच्याबरोबर आल्टरनेटरची भुणभुणही येते. मुख्य रस्ता उखडला की सगळी वाहनं कुणाच्यातरी अंगणातून जायला लागतात, तसंच.

"आता गालिचा उचलतो," मी घोषणा केली. जमाव एक पाऊल पुढे आला.

गालिच्याखाली एक बोल्ट होता. एकच. आणि त्या एका बोल्टवर वायरींची अशी दाटी होती की बोल्ट दिसेना. लाल, पिवळ्या, निळ्या, टेप गुंडाळलेल्या, गाठ मारलेल्या. त्या गर्दीत एक काळी डबी होती, आणि तिच्यावर बारीक लाल दिवा लुकलुकत होता.

"सापडलं!" सर्जेराव गरजले. "दाजी, ह्ये बगा! ह्येच ते! रेकॉर्ड होयालंय, लाइट बगा ना!"

बाळू गाडीतून उतरून डिकीशी आला होता. त्याने डबी पाहिली आणि मटकन बंपरवर बसला. आबासाहेबांचा चेहरा लालबुंद झाला. "बाळ्या," ते फक्त एवढंच म्हणाले.

"ओढू नका!" मी ओरडलो.

पण सर्जेरावांनी डबी मुठीत धरून हिसका दिला होता. एक वायर तटकन तुटली. त्याच क्षणी गाडीच्या मागच्या काचेवर रंगीत दिव्यांनी लुकलुकणारी 'आबा' ही अक्षरं विझली.



मी डबी सर्जेरावांच्या हातातून अलगद काढून घेतली आणि तिची दुसरी वायर बोटाने धरून सगळ्यांना दाखवत दाखवत वर गेलो. डिकीतून काचेपर्यंत, काचेवरून अक्षरांपर्यंत. "आबा, ही डबी या अक्षरांची. बॅटरीची वीज अक्षरांना सोसेल एवढी कमी करून देते. अक्षरं कोणी बसवली?"

बाळू बंपरवरून उठला. त्याला एकदम कंठ फुटला. "दिवाळीत सर्जेरावांनी भेट दिली न्हाई का! मीच गाडी घिऊन गेलतो तवा!"

रसवंतीवाला खाकरला. आबासाहेब मेहुण्याकडे बघत राहिले.

"ते... शोभेची वस्तू हाय, दाजी," सर्जेराव म्हणाले.

पण खरी गंमत बोल्टवर होती. मी पाना लावून तो उघडायला घेतला आणि एकेक वायर सुटत गेली. सगळ्यात वर ॲम्पची. खाली युवक आघाडीने दिलेल्या निळ्या लाइटची. तिच्याखाली बाजारातल्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या कर्ण्याच्या हॉर्नची. तिच्याखाली एका सरपंचाने दिलेल्या पंख्याची. गाडी एक, पण तिच्यात निम्मा मतदारसंघ बसवलेला.

ॲम्प तर माझ्याच दुकानातून सगळ्यात आधी बसवला होता, मी स्वतः पत्रा घासून. मग त्याची वायर वर कशी गेली?

"मी सांगतो," बाळू म्हणाला. आता त्याला अडवणारं कोणी नव्हतं. "जो भेट द्यायचा, तो आपला वायरमन घिऊन यायचा. आन् म्हनायचा, आमची वायर समद्यात खाली लाव, साहेबांच्या गाडीला चिकटून. दुसऱ्याच्या वर का म्हनून लावायची? मग बोल्ट काढायचा, आपली खाली घालायची, बाकीच्यांना वर ढकलायचं."

"आणि सगळ्यात शेवटी कोण आलं?"

बाळूने नुसतं बोल्टाकडे बोट दाखवलं. सगळ्यात तळाला सर्जेरावांची वायर होती. आणि तिच्याखाली बोटभर लांबीची एक लोखंडी पट्टी, तिला मस्त सोनेरी रंग दिलेला. दोन्ही बाजूंनी. शोभेला. डिकीत, गालिच्याखाली.

मी पट्टी उन्हात धरली. चमकली.

"आबा, रंगातून वीज जात नाही," मी म्हणालो. "या पट्टीने वरच्या सगळ्यांना पत्र्यापासून तोडलं. बोल्टच्या चार आट्यांवर सगळे कसेबसे लोंबकळत होते. त्यातून ही कुईं. रेकॉर्डिंग नाही, विरोधक नाहीत. तुमच्या जवळ बसायची गर्दी झाली, एवढंच."

आबासाहेब पुढारी उगाच झालेले नाहीत. त्यांनी पट्टीकडे पाहिलं, मेहुण्याकडे पाहिलं, घरी जाऊन बायकोला तोंड द्यायचं आहे हेही त्यांच्या डोळ्यांत दिसलं. मग ते बाळूच्या खांद्यावर हात ठेवून मोठ्याने म्हणाले, "बाळूवर माजा कदीच संशय नव्हता. मी सर्जेरावांना पैल्यापासून सांगत होतो."

सर्जेरावांनीही मान हलवली. बाळूनेही हलवली. मीही हलवली. खोटं बोलायला चार माणसं एकत्र आली की त्याला आमच्याकडे एकमत म्हणतात.

"पण मिस्त्री," आबासाहेब हळूच म्हणाले, "कोणाची बी भेट काढायची न्हाई. परवा समदे येनार हायेत."

"काढत नाही. प्रत्येकाला वेगळा बोल्ट देतो."

ही बातमी दुकानाबाहेर कशी गेली मला ठाऊक नाही, पण मी पत्रा घासून होईपर्यंत युवक आघाडीचा अध्यक्ष मोटरसायकलवरून हजर. "मामा, आमचा बोल्ट कुठं राहील?" मग व्यापाऱ्यांचा फोन. मग सरपंच स्वतः. सगळ्यांना एकच पाहिजे, साहेबांच्या सीटजवळचा बोल्ट.

मी प्रत्येकाला बाजूला घेतलं. इकडेतिकडे पाहिलं, सर्जेरावांकडून नुकताच शिकलो होतो तसं. आणि कानात सांगितलं, "तुमचाच आहे सीटखाली. पण बोलू नका, बाकीचे रुसतील." प्रत्येक जण छाती फुगवून गेला. सगळे बोल्ट मी डिकीतच लावले होते, आणि वर गालिचा अंथरला. सीटखाली बाळूचा जेवणाचा डबा होता.

मग बाळूला बसवलं. "दाब." त्याने दाबला. इंजिन गुरगुरलं, स्पीकर गप्प. आबासाहेबांनी गाणं लावायला सांगितलं. सर्जेरावांचा आवाज चारी दारांतून लख्ख बाहेर पडला, अडखळत घेतलेल्या एकेका श्वासासकट. पंक्चरवाला त्याच्या कामाला निघून गेला. आबासाहेबांच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं. गाण्यात त्यांचं नाव फार वेळा होतं.

चावी बाळूकडेच राहिली. मिरवणूक झोकात झाली म्हणतात.

वाढदिवसानंतर थोड्या दिवसांनी बाळू एकटाच गाडी घेऊन दुकानात आला. डोळे खोल गेलेले.

"काय रे, परत मशीन?"

"न्हाई मामा. आवाज एकदम क्लियर हाय." तो माझ्याशेजारी स्टुलावर बसला. "त्येच तर वांदं हाय. परळीला जाताना त्येच गाणं. येताना त्येच. काल आष्टीला गेलतो, तितपर्यंत बी त्येच. आबा म्हनतेत, बदलू नको, लई गोड हाय. मामा, तुमी माजी नोकरी वाचवली. आता कान वाचवा. ती सोनेरी पट्टी हाय का तुमच्याकडं?"

पट्टी गल्ल्याशेजारी खिळ्याला टांगून ठेवलेली होती. मी तिच्याकडे पाहिलं, बाळूकडे पाहिलं, आणि पाना उचलला.

गाडीतला नको असलेला आवाज काढणं हे माझं काम. नको असलेला आवाज कोणता, हे गाडी ज्याची त्याला विचारून चालत नाही. ती जो चालवतो त्याला विचारावं लागतं.