सुत्तरातलं एक बोट

ते पतंग कच्चे नव्हते, मी बिघडवले होते. एवढं एक वाक्य बोलायला मला वर्ष लागलं, यावरून माझ्यासारख्या मास्तराची लायकी ओळखावी.

चिखलीच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवतो. मागच्या वर्षी संक्रांतीच्या आठवडाभर आधी ‘पतंगामागचं विज्ञान’ दाखवायची हुक्की मलाच आली. बसस्टँडमागे एक ताई बरीच वर्षं पतंग बनवतात. त्यांच्याकडून वीस पतंग आणले. पतंगाच्या पोटाशी वर आणि खाली बांधून मांजा जोडायची जी दोरी असते, ते सुत्तरही त्यांनीच बांधून दिलं होतं. वरचा दोरा खालच्यापेक्षा एक बोट आखूड. माप कशाचं, तर करंगळीचं.

मला हसू आलं. फळ्यावरच्या माझ्या गणितात दोन्ही दोरे सारखे येत होते. फळ्यावर वारा नसतो, एवढं मात्र मला सुचलं नाही. पट्टी घेऊन मी एकोणीस सुत्तरं सोडून पुन्हा बांधली. विसावा पतंग कपाटामागे पडून राहिला.

कार्यक्रमाच्या दिवशी शाळेच्या मैदानावर शाल पांघरलेले पाहुणे बसले होते. एकोणीसच्या एकोणीस पतंग गिरक्या घेऊन तोंडावर आपटले. पाहुणे हसले. माईक माझ्या हातात होता. मी म्हणालो, “कामट्याच कच्च्या आहेत. बाजारू माल!” यावर टाळ्यासुद्धा पडल्या. शिकलेल्या माणसाने ठणकावून सांगितलेला मूर्खपणा आमच्याकडे विज्ञान म्हणून खपतो.

“सरच म्हनले ना, कच्चा माल हाय,” असं म्हणत त्या संक्रांतीला गावाने प्लास्टिकचे पतंग घेतले. ताईंचं दुकान तसंच भरलेलं राहिलं.

संक्रांत झाल्यावर तो विसावा पतंग सापडला. गच्चीवरून सोडला, तर ढील देताच चढला आणि खिळा ठोकल्यासारखा वाऱ्यात उभा राहिला. वरचा दोरा आखूड, म्हणून पतंगाचं डोकं जरासं पुढे झुकतं आणि वारा त्याला उताणा पाडू शकत नाही. हे त्या करंगळीला ठाऊक होतं, माझ्या पदवीला नव्हतं. मी पतंग उतरवून माळ्यावर टाकला आणि गप्प बसलो. गप्प बसण्यात मी चांगलाच तयार आहे.

यंदा शेवटी ताईंकडे गेलो. त्या कामटी तासत होत्या. आजूबाजूला कोणी नाही हे बघून मी हळूच म्हणालो, “माझं चुकलं.” आणि सगळं सांगितलं.

त्यांनी वर पाहिलंच नाही. “बदनामी भोंग्यावर केली न, सर? मंग माफी कानात काऊन सांगून राह्यले?”

“तसं नाही, ताई...”

“तसंच हाय. कच्ची कामटी कोनाची होती, थे समजलं मले.”

यंदाच्या कार्यक्रमाला मी त्यांना बोलावलं. त्या येऊन फाटकाशीच उभ्या राहिल्या. त्याच मैदानावर, तशाच शालींसमोर मी माईक मागून घेतला.

“मागच्या वर्षी पडलेले पतंग मी बिघडवले होते. कामट्या पक्क्या होत्या. ताई, न तपासता मी तुमच्यावर ढकललं आणि कळल्यावरही वर्षभर तोंड उघडलं नाही. मला माफ करा.”