फ्लॉपीला लावलेलं कुंकू

हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलेलं नाही. आई-बाबा गेले, त्यांनाही नाही. सांगणार कुणाला — आणि कुठल्या तोंडानं?

ऐंशीच्या दशकाचा शेवट. रत्नागिरीतल्या आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर दोन, आणि सी ही प्रोग्रॅम लिहायची भाषा शिकणारे आम्ही वीस-बावीस जण. प्रोग्रॅम आधी वहीत लिहायचा, पाळी आली की टाइप करायचा आणि आपल्या फ्लॉपीवर ठेवायचा. फ्लॉपी प्रत्येकाला एकच.

महादेव हेदवीचा. वडील मुंबईला, आई भातशेती बघायची. कॉम्प्युटर त्यानं इथंच पहिल्यांदा पाहिला, पण सी त्याला असं यायचं की माझा जळफळाट व्हायचा. सीमधला पॉइंटरचा धडा माझ्या डोक्यात शिरेना, तेव्हा त्यानंच आपली वही दिली. "निवांत वाचा, घाय नाय," म्हणाला. मी शहरातली, पहिल्या बाकावरची — हा कोण मला शिकवणार?

सर एकालाच पुण्याला पाठवणार होते. वर्षभराचं ट्रेनिंग, पुढे नोकरी नक्की. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी प्रोग्रॅम चालवून दाखवायचे होते. महादेवचाच नंबर लागणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

खंडेनवमीला कॉम्प्युटरची पूजा झाली. हार, नारळ, पेढे. सरांनी हळदकुंकू वाहिलं ते टेबलालाच. माझे बाबा भटजी. पूजेतलं काही मी सांगितलं की महादेव ते खरं मानणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून मी — थांबा, नीट सांगते. मी त्याला हळूच म्हणाले, "आपली फ्लॉपीही पूजायची असते. त्या उघड्या फटीत बोट टेकवा. मी माझी पूजली."

मी काही पूजली नव्हती. आतल्या काळ्या चकतीला बोटसुद्धा लावायचं नसतं, हे सरांनी सांगितलं तेव्हा महादेव भातलावणीला गावी गेला होता. त्यानं ओलं कुंकू लावलं, डोळे मिटून हात जोडले. मला हसू आवरेना.

दसरा झाला. त्याची फ्लॉपी चालेना, वर मशीनही बिघडलं. सरांनी सगळ्यांदेखत त्याला अडाणी म्हणून खोलीबाहेर काढलं. त्यानं माझं नाव घेतलं नाही. मी? मी इतरांबरोबर हसले.

संध्याकाळी तो आमच्या दारात आला. सरांच्या हातापाया पडून त्यानं एक दिवस मागून घेतला होता. सगळं परत टाइप करायचं, म्हणून वही हवी होती. वही आत झोपाळ्यावर पडली होती.

"ती मी तुम्हाला केव्हाच परत दिली," मी म्हणाले.

"मग माझ्याकडनंच हरवली असंल," तो म्हणाला. मग विचारलं, "तुमची फ्लॉपी तरी वाचली ना? तुमीपण कुंकू लावलात."

"वाचली. माझं कुंकू कोरडं होतं."

"मग बरा झाला," तो म्हणाला. मनापासून म्हणाला.

पुण्याला मी गेले.