गंगूची दूधआई

आज लिहितो आहे ते मी कोणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. मानमोडीच्या तापात आमच्या दहिवलीत माझा भाऊ आणि वहिनी पाठोपाठ गेली. आईबाप गेलेल्या जेवत्या पोरांना गावाने घरं नेमून दिली होती; आज या घरी, उद्या त्या घरी. पण माझी पुतणी गंगू अंगावर पिणारी. तिला कोणतं घर नेमणार? माझं लग्न झालं नव्हतं, घरात बाईमाणूस नाही, आणि गावातल्या लेकुरवाळ्या स्वतःच तापाने फणफणलेल्या. शेळीचं दूध पोरीला पचेना. तिचं रडणंही थांबलं तेव्हा मी तिला उचललं आणि डोंगराच्या पायथ्याशी देवीच्या देवळात गेलो. तिथे ठेवायची आणि मागे न बघता परतायचं, एवढंच मनात होतं. श्रद्धा होती असं म्हणवत नाही. ती माझ्या हातात मरू नये, एवढीच धडपड.

पायरीवर एक ठाकरीण मोळी टेकवून बसली होती. तिने विचारलं, मी खरं ते सांगितलं.

"देवीला काय पान्हा फुटतो का रं, दादा? आण हिकडं!" पोरीला पदराखाली घेऊन मग ती हळूच म्हणाली, "माझं परवाच पुरलं. आमच्या वाडीत कुनाचं पोर उघड्यावर नाय पडत."

गंगू पिऊ लागली. तो आवाज ऐकत मी पायरीवरच डोकं टेकलं.

तिचं नाव सोनी. पुढे ती रोज मोळी विकायच्या निमित्ताने यायची आणि गोठ्यात बसून पोरीला पाजायची. ठाकरणीचं दूध प्यायलेली पोर उद्या जातीत कोण करून घेणार, या भीतीने मी गावात सांगितलं, शेळीच्या दुधावर जगली. शेजारच्या काकू म्हणायच्या, "येवढी लाकडं! लगीन मांडलंस का काय रं?" सोनी आत तोंडाला पदर लावून हसायची. ते हसणं, गोठ्यातला सुक्या गवताचा वास, पोट भरून झोपलेल्या गंगूच्या ओठांवरचा दुधाचा थेंब. माझ्या आयुष्यातले चांगले दिवस म्हटले की मला तेच आठवतात.

गंगूच्या लग्नाला सोनी आली आणि मांडवाबाहेर उभी राहिली. मी पाहिलं, आणि अक्षता वाटत राहिलो. तिने लांबूनच कानशिलावर बोटं मोडली आणि निघून गेली.

देवीने त्या दिवशी काय केलं, मला ठाऊक नाही. मी पोर टाकायला गेलो आणि घेणारी आधीच येऊन बसली होती. देवाच्या हवाली करायचं तर त्याने ज्या हातांनी घेतलं ते हातही मान्य करावे लागतात, हे मला फार उशिरा कळलं.

सोनी अजून वाडीत आहे. गंगूला तिच्यासमोर नेऊन 'ही तुझी आई' म्हणून सांगणं माझ्याकडून राहिलं आहे.